न दाबलेलं बटण

"मी बटण दाबलेलं नाही," बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

"मॅडम, तुम्ही दाबलंय," मीही तिसऱ्यांदा म्हणालो. "हे बघा. अठरा मे, सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटं. बिराजदार महानंदा गुरुपाद. बदली नाकारली. तुमच्याच खात्यातून, तुमच्याच पासवर्डनं. आता मी काय करू?"

"मी दाबलं नाही, असं लिहून द्या."

मला आधी राग आला आणि मग हसू आलं, आणि हसू लपवायची तसदी मी घेतली नाही. तेवीस वर्षांचा होतो. सांगलीत विश्रामबागेला एका दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं, चार कॉम्प्युटर आणि पाच माणसं, आणि त्या पाचांत नोकरीला लागून मला सहाच महिने झाले होते. पण हातात आयुष्यातलं पहिलं मोठं काम आलं होतं आणि ते मी एकट्यानं पुरं केलं होतं, त्यामुळे माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

काम एका शिक्षण संस्थेचं होतं. जिल्हाभर बहात्तर शाळा, आणि दर मे महिन्यात शिक्षकांच्या बदल्या. त्या वर्षी संस्थेनं ठरवलं की बदल्या वेबसाइटवर करायच्या. शिक्षकानं आपल्या खात्यात जायचं, कुठल्या शाळेवर बदली झाली ते बघायचं. पसंत असेल तर काहीच करायचं नाही, तीन दिवस गेले की होकार धरला जाणार. नको असेल तर खाली 'बदली नाकारतो' असं लाल बटण. एकदा नाकारली की ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाला, आणि नाकारणाऱ्याला पुढची तीन वर्षं अर्ज करता येणार नाही. नियम संस्थेचे, पान माझं.

वीस मेला अंतिम यादी लागली आणि त्या दिवसापासून फोन सुरू झाले. आम्ही नाकारलीच नाही. आमचं नाव नकारात कसं आलं. सुरुवातीला मी नीट बोललो. दहाव्या फोननंतर नीट बोलणं संपलं. ही मंडळी आयुष्यभर पोरांना शिकवतात आणि स्वतःला एक पान धड वाचता येत नाही, असं माझं मत झालं होतं. नाचता येईना, अंगण वाकडं. घाईत बटण दाबायचं, मग घरी भांडण झालं की खापर आमच्यावर फोडायचं.

आणि आता चोवीस तारखेला ह्या बाई थेट ऑफिसात येऊन उभ्या होत्या. चाळिशीच्या, उंच, उन्हानं रापलेल्या. जत तालुक्याच्या पार टोकाच्या, कर्नाटकाच्या हद्दीवरच्या शाळेतून आलेल्या. सव्वाशे किलोमीटर, दोन एसट्या.

"घरात कुणी दाबलं असेल," मी म्हणालो. "मुलांनी, मिस्टरांनी."

"शाळेतल्या कॉम्प्युटरवर उघडलं होतं. ऑफिसात मी एकटी होते."

"मग चुकून हात लागला असेल."

"न्हाई लागला."

"मॅडम, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

"मग मी बोलते?"

मी खांदे उडवले. माझ्या मागे तिघं जण बसले होते, त्यांतला एक फिसकन हसला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि खुर्ची ओढून बसल्या. मी बसा म्हटलं नव्हतं.

"आता ऐका," त्या म्हणाल्या. "आमच्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिसला न्यावं लागतं. पहाटे पाचच्या गाडीनं निघायचं, रात्री परत. माझ्या रजा संपल्या, आता ते एकटेच जातात. मागच्या महिन्यात परत येताना कवठे महांकाळच्या स्टँडवर चक्कर येऊन पडले. मी बदली मागितली ती ह्यासाठी. मिळाली ती मिरजेची. दवाखान्यापास्नं शाळा दहा मिनिटांवर. आणि ती मी नाकारीन?"

"मला काय माहीत तुम्ही का नाकारली," मी म्हणालो.

हे वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. ते बोलताना मी कॉम्प्युटरकडे बघत होतो, बाईंकडे बघतही नव्हतो.

"तुम्हाला म्हाईत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण आमच्या मिस्टरांना वाटतंय त्यांना म्हाईत आहे. मिरजेला माझ्या जावा आहेत, सासू आहे. माझं त्यांचं कधी जमलं नाही, एकदा मी रागात म्हणून बसले होते की मिरजेला त्या घरात मी पाऊल ठेवणार नाही. यादीत नकार आला तसं यांनी मला तेच ऐकवलं. त्यानंतर चार दिवस झाले, माझ्याशी बोलत नाहीत. मी मरावं म्हणून तू नाही म्हणालीस, असं म्हणाले आणि तोंड फिरवलं. हे शेवटचं बोलणं. आता कळलं मला लिहून कशाला पायजे?"

मागचं हसणं थांबलं होतं. मला मात्र आणखीच चीड आली. दुसऱ्याच्या घरातली भांडणं आमच्या टेबलावर कशाला, असं वाटलं. खरं म्हणजे त्या रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या रडत नव्हत्या.

त्यांनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. "हे पान मी छापून घेतलं होतं. यांना दाखवायला."

माझंच पान होतं. वर 'आपली बदली: मिरज', त्याखाली 'स्थिती: निर्णय बाकी', आणि खाली बटण. मी कागद परत द्यायला हात पुढे केला आणि तेवढ्यात कोपऱ्यातला बारीक आकडा दिसला. शाळेतल्या कॉम्प्युटरवरून पान छापलं की खाली तारीख आणि वेळ आपोआप उमटत होती. अठरा मे, दहा वाजून चव्वेचाळीस.

नकार दहा बेचाळीसचा. कागद चव्वेचाळीसचा. दोन मिनिटांपूर्वी बटण दाबलं असतं तर ह्या कागदावर 'नकार नोंदवला' असं आलं असतं आणि बटण गायब झालं असतं. तसं मीच केलं होतं.

"हा कागद राहू दे इथं," मी म्हणालो.

"झेरॉक्स काढा. हा मी देणार नाही," बाई म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी चाचणीसाठी ठेवलेल्या एका खोट्या शिक्षकाच्या नावानं आत गेलो. पान उघडलं. माउसला हात लावला नाही. हात मांडीवर ठेवून मोजून एक मिनिट बसलो आणि दुसऱ्या खिडकीत नोंदी उघडल्या.

नकार. एक मिनिटापूर्वी.

मग मी माझी ओळ शोधली, आणि ती सापडायला वेळ लागला नाही, कारण तिचा मला फार अभिमान होता.

पानाचा एक साचा असतो. त्यात मजकूर आधीच लिहिलेला असतो आणि मधेमधे काही ओळी अशा असतात की त्या जागी काय यायचं ते आयत्या वेळी ठरतं. ह्या ओळी दोन तऱ्हांच्या. एक तऱ्हा म्हणजे, पान तयार करतानाच हे काढ आणि इथं मांड. शिक्षकाचं नाव, शाळेचं नाव, असलं सगळं. दुसरी तऱ्हा म्हणजे, हे काम आत्ता करू नकोस, नुसतं ध्यानात ठेव, माणूस बटण दाबेल तेव्हा कर. दिसायला दोन्ही सख्ख्या बहिणी. नवा माणूस हमखास घोटाळा करतो, आणि मी नवाच होतो. नकार नोंदवायचं काम मी पहिल्या तऱ्हेच्या जागी लिहून बसलो होतो. डॉक्टरनं चिठ्ठी द्यावी की ताप आला तर ही गोळी घ्या, आणि कंपाउंडरनं ती गोळी तिथल्या तिथं रोग्याच्या घशात घालावी, तसं. पान उघडलं की नकार लागत होता. वरची 'निर्णय बाकी' ही ओळ त्याच्या क्षणभर आधी लिहून झालेली असायची, म्हणून माणसाला सगळं ठीक दिसायचं. आणि बटण दाबलं तर? काहीच होत नव्हतं. पान फक्त नव्यानं निघायचं, आणि त्या नव्या पानावर आधीच लागलेला नकार दिसायचा. बघणाऱ्याला वाटायचं, दाबलं म्हणून झालं.

आमच्याकडे तपासणीचा एक तक्ता होता. पानावरचं प्रत्येक बटण दाबायचं आणि समोर बरोबरची खूण करायची. मी दाबून बघितलं होतं, चाललं होतं, खूण केली होती. न दाबता काय होतं ते बघायला तक्त्यात रकानाच नव्हता.

मग मी मोजलं. बदल्या त्रेसष्ट. त्यांतल्या बावीस जणांनी आपलं पान उघडलंच नव्हतं, कुणाच्या गावात वीज नव्हती, कुणी आळसानं राहिलं. त्या बाविसांची बदली सुखरूप होती. पान उघडणारे एक्केचाळीस. नकार एक्केचाळीस. ज्यांनी ज्यांनी काळजीनं बघितलं, त्यांचंच वाटोळं झालं होतं, आणि वर मी त्यांना फोनवर अक्कल शिकवली होती.

आरवाडे सर ऑफिसचे मालक. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगायलाच हवं, कारण पुढचं ऐकून तसं वाटेल. मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"ओळ दुरुस्त केलीस?"

"केली."

"मग झालं की."

"सर, एक्केचाळीस माणसं..."

"ऐक लेका. यादी लागली. त्या एक्केचाळीस जागांवर पुढची एक्केचाळीस माणसं गेली. त्यांत कुणाकुणाची सोय झाली असेल ह्याचा विचार कर. संस्थेतल्या कुणाचा भाचा असेल, कुणाची सून असेल. तू आता जाऊन म्हणणार की हे सगळं रद्द करा, माझा एक शब्द चुकीच्या जागी पडला? आपल्याला परत दारात उभं करतील का?" मग त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. "संस्थेनं आपला अहवाल मागवलाय. हे मी लिहिलंय. काम तू केलंस, सही तुझी लागेल."

कागदावर एकच वाक्य होतं. 'सर्व नकार संबंधित शिक्षकांच्या खात्यांतूनच नोंदवले गेले असून नोंदींतील वेळा अचूक आहेत.'

"ह्यातला कुठला शब्द खोटा आहे, सांग."

मी वाचलं. परत वाचलं. एकही शब्द खोटा नव्हता.

"पण सर..."

"कुठला?"

मला त्यांचा राग आला, इतका की कान तापले. संस्थेचा आला, नियम करणाऱ्यांचा आला. उठून बोलायला हवं होतं, ह्याची मला तेव्हाही पुरती जाणीव होती. आणि तसल्या तापल्या कानांनी मी सही केली. घरी आईनं सगळ्या गल्लीला पेढे वाटून सांगितलं होतं की पोरगं कॉम्प्युटरच्या कंपनीत लागलं. रागावर पोट भरत नाही, असं मी मनाशी म्हणालो. सही मात्र अगदी सुवाच्य आली.

त्यानंतरचे आठ दिवस मी सगळ्यांवर खेकसत होतो. आईवर, मित्रांवर, चहावाल्यावर. फोन आला की उचलत नव्हतो.

नवव्या दिवशी बाई परत आल्या. हातात संस्थेचं उत्तर होतं, नकार रद्द करा म्हणून त्यांनी केलेला अर्ज फेटाळल्याचं, आणि त्याला माझ्या अहवालाची प्रत जोडलेली. ह्या खेपेला त्या विचारल्याशिवाय बसल्या नाहीत. उभ्याच राहिल्या.

"सुहास मगदूम म्हणजे तुम्हीच ना?"

"हो."

"हे तुम्ही लिहिलंय?"

"सही माझी आहे."

"मी काय विचारलं आणि तुम्ही काय सांगितलं," बाई म्हणाल्या. "सोळा वर्षं उत्तरपत्रिका तपासते मी. उत्तर येत नसलं की पोरं काही लिहीत नाहीत, कागद कोरा सोडतात. उत्तर येतंय पण लिहायचं नाही, अशी पोरं फार कमी. ती असं लिहितात. सगळं खरं, आणि प्रश्नाला सोडून." त्यांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि त्यावर बोट टेकवलं. "ह्यात 'दाबलं' हा शब्द कुठंच नाही. खात्यातून नोंदवला गेला. कुणी नोंदवला? मी आले त्या दिवशी तर तुम्ही दहा वेळा म्हणालात, तुम्ही दाबलंय, तुम्ही दाबलंय. आणि सही करायची वेळ आली तसं ते म्हणायचं टाळलंत. म्हणजे तुम्हाला म्हाईत झालंय."

मी कागदावरच्या माझ्या सहीकडे बघितलं.

"बोला."

केबिनच्या काचेतून आरवाडे सर बघत होते. त्यांनी मानेनं खूण केली, नको. मला वाटतं ती खूण त्यांनी केली नसती तर मी कदाचित आणखी एकदा गप्प बसलो असतो. पण त्या नकारार्थी मानेनं माझं डोकं फिरलं. माझ्या वतीनं मान हलवायचा ह्यांना काय अधिकार, असं वाटलं. धैर्य वगैरे काही नव्हतं ते, शुद्ध संताप होता.

"बसा," मी म्हणालो. "दाखवतो."

जुन्या साच्याची प्रत मी ठेवली होती. खोट्या शिक्षकाच्या नावानं पान उघडलं. बाईंना सांगितलं, माझे हात बघा. दोन्ही हात टेबलावर ठेवले. मग नोंदी उघडून दाखवल्या.

त्यांनी ते नीट वाचलं. "परत करा," म्हणाल्या. मी परत केलं. "तिसऱ्यांदा." तिसऱ्यांदा केलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"आणि दुरुस्त कधी केलं?"

"चोवीस तारखेला. तुम्ही गेल्यावर."

"म्हणजे सही करायच्या आधी."

"हो."

त्या मला काहीतरी सुनावतील, थोबाडीतसुद्धा देतील, असं वाटलं आणि ती मी खाल्ली असती. पण त्यांनी शेजारच्या टेबलावरचा एक कोरा कागद उचलून माझ्यापुढे ठेवला आणि पेन दिलं. "आता प्रश्नाला धरून लिहा."

मी लिहिलं. पान उघडताच नकार नोंदवला जात होता. शिक्षकांनी बटण दाबलेलं नव्हतं. ओळ मी लिहिली, चूक माझी, आणि आधीच्या अहवालात मी ती जाणूनबुजून सांगितली नाही. सही केली, खाली नाव लिहिलं. आरवाडे सर केबिनमधून बाहेर आले होते. उद्यापासून येऊ नकोस हे त्यांनी संध्याकाळी सांगितलं, आणि तेही हळू आवाजात.

संस्थेच्या कार्यालयात बाई आणि मी मिळूनच गेलो. सचिव पाटणे म्हणून होते, पांढऱ्या शर्टाचे, कमी बोलणारे. त्यांनी माझं पत्र दोनदा वाचलं. मग त्यांनी बोलणं सुरू केलं आणि दहा मिनिटं थांबले नाहीत. माझ्या शिक्षणापासून सुरुवात केली आणि आईबापापर्यंत आले. ऐकून घेण्याखेरीज मला काम नव्हतं. मला आश्चर्य वाटलं ते एवढंच की त्यांच्या रागात खोट नव्हती. ह्यांचे भाचे-सुना असतील असं आम्ही धरून चाललो होतो, आणि इथं एक म्हातारा माणूस फसवला गेला म्हणून थरथरत होता.

"एक्केचाळीसही नकार रद्द होतील," ते शेवटी म्हणाले. "आज विषय घेतो. शाळा पंधरा जूनला उघडतात, त्याच्या आत सगळ्यांना आपापल्या जागा." मग बाईंकडे वळून म्हणाले, "बाई, तुमचा अर्ज फेटाळायला नको होता. मी सही बघितली, मजकूर बघितला नाही."

बाईंनी नमस्कार केला. हसल्या नाहीत.

बाहेर पडल्यावर मला हलकं वाटत होतं. नोकरी गेली होती, पण छाती जरा पुढे आली होती. बाई आता आभार मानतील, निदान 'बरं झालं' एवढं तरी म्हणतील, अशी माझी अपेक्षा होती. मी वाट बघत त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत गेलो.

"अजून एक काम राहिलंय," त्या म्हणाल्या. "अकरा तारखेला यांचं डायलिसिस आहे. मिरजेला यायचं. माझ्यासमोर यांना सांगायचं."

"पत्राची प्रत द्या की. तीत सगळं..."

"तुम्ही यायचं," त्या म्हणाल्या आणि गाडीत चढल्या.

अकरा जूनला मी दुपारी दवाखान्यात गेलो. डायलिसिस संपलं होतं. बाहेरच्या बाकावर गुरुपाद बिराजदार बसले होते, डाव्या दंडाला पट्टी, चेहरा मातकट. कधीकाळी चांगला दांडगा माणूस असावा, शर्ट अंगाला दुप्पट होत होता. त्यांच्यापासून एक माणूस मावेल एवढी जागा सोडून बाई बसल्या होत्या, मांडीवर डब्याची पिशवी.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सांगताना त्यांच्याकडे बघायचं असं ठरवून गेलो होतो आणि तेवढं मी पाळलं. पत्र दिलं. नवा आदेश निघाला होता, त्याची प्रतही दिली. मिरज. त्यांनी दोन्ही कागद वाचले, ओठ हलवत, सावकाश.

"म्हणजे हिनं पान उघडलं, एवढंच?"

"एवढंच."

"बटणाला हातच लावला न्हाई?"

"नाही लावला. लावला असता तरी काही झालं नसतं. सगळं आधीच झालेलं होतं. चूक माझी."

"शिक्का हाय की ह्याच्यावर संस्थेचा," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. पट्टी नसलेला हात त्यांनी मधल्या रिकाम्या जागेवर ठेवला, बाईंच्या बाजूला. "महानंदा. मला काय म्हाईत गं. मी तुला काय काय बोललो. चुकलं माझं."

मला वाटलं, झालं. माझंही काम संपलं आणि ह्यांचंही भांडण मिटलं. बाईंनी त्या हाताकडे बघितलं. स्वतःचा हात पिशवीवरून उचलला नाही.

"बावीस दिवस मी हेच सांगत होते," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "ह्याच शब्दांत. मी दाबलं नाही. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. आज हे आले. ज्यांनी चूक केली, लपवली, मला चार माणसांत खोटी ठरवली, ते आले, आणि त्यांचं एका दमात पटलं तुम्हाला."

"कागद बघितला म्हणून..."

"तेच म्हणते मी. कागद बघितला म्हणून."

मी दोन पावलं मागे सरकलो. जावं की थांबावं ते समजेना.

"अगं, पण आता कळलं ना मला," ते काकुळतीनं म्हणाले.

"तुम्हाला आज कळलं," बाई म्हणाल्या. "मला वीस मेलाच कळलं होतं."

त्यांनी दोन्ही कागद घडी घालून पिशवीत ठेवले आणि उठल्या. पट्टीच्या हाताला धक्का लागू नये म्हणून दुसऱ्या बाजूला गेल्या, नवऱ्याच्या काखेत हात घालून त्यांना सावकाश उभं केलं, चप्पल पायानं त्यांच्यापुढे सरकवली आणि पायऱ्या उतरवत रिक्षापर्यंत नेलं. गुरुपाद बिराजदार सबंध वाटभर त्यांच्याकडे बघत काहीतरी बोलत होते. बाई समोर बघत चालत होत्या.